कटआउटची डबी

मोटारीतला दोष शरणप्पा मिस्त्री अलीकडे स्वतः शोधत नसत. गाडीवाल्याकडूनच तो शोधून घेत. बिदरात मैलूरच्या वाटेवर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. बॅटरी उतरलेली गाडी नेली की हँडल मारून इंजिन सुरू करत, लांब पेचकस गाडीवाल्याच्या हाती देत आणि म्हणत, "टेका अन् ऐका. गाडी तुमची, कानबी तुमचाच."

ऐकायचं काय, तर कटआउट. बॉनेटखालच्या या डबीत एक पत्ती असते. इंजिनाने वेग घेतला की ती 'टक्' करून चिकटते आणि डायनामोची वीज बॅटरीकडे जाऊ लागते. पेचकसाचं टोक डबीवर, मूठ कानाला. टक् झालं तर दोष पुढच्या वायरीत. न झालं तर डबीत, नाहीतर डायनामोत. तहसीलदारांनासुद्धा हे करावं लागलं, टोपी काढून, चपराशासमोर.

शरणप्पा पूर्वी एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात होते. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला गेले, ताठा तेवढा यांच्याकडे ठेवून गेले, असं आम्ही म्हणत असू.

मी औरादच्या अडतीत मुनीम. मालकांची मोटारही मीच चालवी. एकदा तिची बॅटरी उतरली. शेडसमोर भर उन्हात दोनदा वाकलो, पण इंजिनाच्या धडधडीपलीकडे काही कळेना. कंबर भरून आली, तसं ठोकून दिलं, "वाजलं."

"नक्की?"

"व्हय हो, वाजलं!"

झालं! शरणप्पांनी सीट काढली, तळाच्या फळ्या उचलल्या, डबीपुढची वायर न् वायर उसवली. दुपार कलली तरी दोष सापडेना.

"वाजलंय, तर मग वीज जायलीय कुठं?" घामाने निथळत ते पुटपुटले.

आता मात्र मला राहवेना. "अण्णा, मी खोटं बोललो. काहीच ऐकू आलं न्हाई मला."

वाटलं, पाना डोक्यात बसतो. ते नुसते फळीवर बसले. मग मीच उलटा चिडलो, "पर तुम्ही सोता कामून ऐकलं न्हाई?"

"माणसाचं बोलणं येतंय ऐकू. बारीक टक् न्हाई येत. दोन वरसं झाली." इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "कुणाला सांगू नगा, मुनीमजी. बहिऱ्याकडं गाडी कोण आणतंय?"

माझी मलाच लाज वाटली. हा सगळा ताठाच समजून तहसीलदारांवर पोट धरून हसणाऱ्यांत मीही होतो.

मग डबी पाहिली, तर तिचीच अर्थिंगची वायर गंजली होती. त्यांनी ती घासून बसवली, हँडल मारलं, वेग चढवला. मी वाकलो आणि या खेपेला जीव लावून ऐकलं.

"वाजलं, अण्णा. खरंच वाजलं."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग विचारलं, "कसं वाजलं?"

मला सांगता येईना. मी त्यांचा तेलकट हात ओढला आणि तळव्यावर नखाने एक टिचकी मारली.

त्यांनी हात मागे घेतला नाही. "आनिक एकदा," म्हणाले.