शाकाहारी ओट्यातला मासा

फरशीवाल्या कादरनं पॉलिशचं मशीन बंद केलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरचा पांढरा रेंदा पुसला, तर पिवळ्या फरशीत हातभर मासा! काटे, दात, बशीएवढा डोळा, सगळं शाबूत.

पिंप्राळ्यातल्या सुनंदाबाईंच्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा. सगळा ओटाच बाटला म्हणून त्या अहिराणीत किंचाळल्याच. "कादरभाऊ, मना बठ्ठा ओटा बाटना! फोडा हाई!"

"अक्का, दगड शे तो."

"दगडना शे, पण मासा शे ना?"

कादरनं हातोडा उचलला. तेवढ्यात त्याची बायको शहनाज डबा घेऊन आली. वीस वर्षं बाजारात मासे साफ करणारी बाई. ती ओट्यावर वाकली ती वाकलीच. "हातोडा ठेवा खाली. असा मासा मी कधी कापला नाही. कुणाला तरी दाखवा आधी."

"उद्या संध्याकाळपर्यंत," सुनंदाबाई म्हणाल्या. "मंग फोडणार म्हणजे फोडणार."

दुसऱ्या दिवशी लीलाधरभाऊंनी, म्हणजे सुनंदाबाईंच्या यजमानांनी, धुळ्याहून प्रेमराज सरांना आणलं. सर जीवाश्मांचे जाणकार. पदवी असली की डोळे वापरावे लागत नाहीत, असा काहींचा समज असतो, सरांचाही होता. दोन मिनिटांत निकाल दिला. "उथळ पाण्यातली माहितीतली जात. पोटाशी दुसरा जबडा दिसतो, ती विकृती. फोडा खुशाल."

कादरनं पुन्हा हातोडा उचलला. शहनाज ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"विकृती? सर, कधी मासा साफ केलाय?"

"बाई, मी पीएचडी आहे."

"म्हणजे नाही केला. उथळ पाण्यात लख्ख ऊन. तिथं एवढा डोळा कशाला लागतो? हा अंधारातला, लई खोलातला. आणि पोटाखाली ही ठिपक्यांची रांग बघा. खवले असे नसतात."

सरांनी भिंग काढलं. ठिपके पाहिले. "प्रकाश देणारे अवयव..." ते पुटपुटले.

"आता पोट बघा. दोन कणे. आतल्याचं तोंड याच्या शेपटीकडं. हा एक मासा नाही, दोन आहेत. यानं त्याला अख्खा गिळलाय!"

सरांचा चष्मा नाकावरून घसरला. भिंग हलेना. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "कादरभाऊ, फरशी अलगद कापून काढा. ओरखडा उठला तर मी रडेन." सुनंदाबाईंना ओटा गेल्याचाच आनंद.

आठ महिन्यांनी सर पेढे घेऊन आले. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी तपासलं होतं: खोल समुद्रातले मासे, आणि दोन्ही जाती जगाला नव्या!

"मोठ्याला सुनंदाबाईंचं नाव देऊ, ओटा त्यांचा. आतल्याला शहनाजबाईंचं."

शहनाजचा चेहरा पडला. ओळखला तिनं, आणि नाव मिळालं पोटातल्याचं! पण ती तोंड उघडण्याआधीच सुनंदाबाई उसळल्या.

"मी मासा खाणारी? शिरपूरले मना माहेरना लोके काय म्हणतीन? जो खवाई गया, तो माले द्या!"

सरांनी नावं खोडून उलटी लिहिली: मोठ्याला शहनाजबाईंचं, गिळलेल्याला सुनंदाबाईंचं. लीलाधरभाऊ हसू दाबायला मागच्या दारी गेले.

शहनाजनं एक अख्खा पेढा तोंडात टाकला. "सर, माझं स्पेलिंग नीट लिहा हां. रेशन कार्डवाल्यांना अजून जमलं नाही."