चौदा युनिटांचा जाब

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कासारवेढे गावात, मंडईमागच्या गल्लीत, आनंद पुरवठा मंडळाच्या वायरमनने खांबावर चढून दामोदर निकुंभ यांचा आनंद तोडला.

कारण कायदेशीर होते. निकुंभांची उजवीकडची खालची दाढ सुजली होती. सुजलेल्या माणसाने अंथरुणात पडून शरीराला दुरुस्तीचे काम करू द्यावे, मौजमजा करत गावभर हिंडू नये, म्हणून सूज उतरेपर्यंत त्याचा आनंद बंद ठेवायचा, असा मंडळाचा नियम होता. नियमात वाईट काही नव्हते. वाईट असते ते नियम राबवणाऱ्याच्या पिशवीत, हे निकुंभांचे एकतीस वर्षांच्या नोकरीतून बनलेले मत होते. एसटीत ते तिकीट तपासनीस होते.

"किती दिवस?" त्यांनी गाल धरून विचारले.

"सूज उतरली की जोडतो, काका," वायरमन टिळेकर वरून म्हणाला. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

"आणि तोडलेला आनंद जातो कुठं?"

"जातो कुठं म्हणजे? राहतो तारेत."

निकुंभांना हे पटले नाही. नोकरीत असताना ते गाडीत चढले की आधी कंडक्टरच्या गठ्ठ्यातला तिकिटाचा नंबर टिपून घेत, भांडण नंतर. त्याच सवयीने त्यांनी दारामागच्या मीटरवरचा आकडा डायरीत लिहिला. चार हजार चारशे सतरा.

बुधवारी दुपारी केतकी आली. त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नावरून बापलेकीचे बिनसले होते आणि सहा वर्षे ती माहेरचा उंबरा चढली नव्हती. येताना तिने डबाभर सांजोऱ्या आणल्या होत्या.

"बाबा, मी आलेय."

"दिसतंय."

निकुंभांनी डाव्या दाढेने एक सांजोरी खाल्ली. साखर बेताची होती, वेलची होती, तूप घरचे होते. तिन्ही गोष्टी त्यांनी तपासून बरोबर ठरवल्या. दुसरी घ्यायला हात मात्र उचलला नाही. सहा वर्षे ज्या पावलांची वाट पाहिली ती पावले घरात वाजत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा हे त्यांना कळत होते. कोरड्या नळाखाली बादली लावून बसलेल्याला पाणी म्हणजे काय ते कळते, तसे.

"माझा तोडलाय गं," ते म्हणाले. "दाढेमुळं."

"हो का? मी लग्न करून निघाले तेव्हाही दाढच सुजली होती का?"

निकुंभांनी दारामागच्या मीटरकडे बोट दाखवले. केतकी दारामागे जाऊन पाहून आली.

"बाबा, मीटर फिरतंय."

खरेच फिरत होते. चकती लग्नघरात फिरावी तशी गरगरत होती.

"म्हणजे आनंद आहे तुमच्याकडं," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "माझ्यासाठी काढायचा नाही, एवढंच. उद्या सव्वाचारच्या गाडीनं जाते मी."

"तिकीट काढलंस?"

"काढलंय."

"दाखव."

तिने दाखवले. तिकीट बरोबर होते.

"सव्वाचारला वेळ आहे," निकुंभ म्हणाले. "सकाळी माझ्याबरोबर मंडळात चल. मग जा."

गुरुवारी अकरा वाजता दोघे मंडळाच्या कार्यालयात पोचली. शिपाई शीळ घालत होता. दोन कारकून टाचण्यांच्या डबीकडे बघून पोट धरून हसत होते. सरकारी कचेरीत एवढी खुशाली निकुंभांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी तीही डायरीत टिपली.

कनिष्ठ अभियंता बोरगावकरांनी नोंदवही उघडली. "तुमचा पुरवठा मंगळवारपासून बंद आहे."

"मग मीटर का फिरतंय?"

"मीटर फिरतंय म्हणजे पुरवठा सुरू असणार."

"मग मला पोचत का नाही?"

"बंद आहे म्हणून."

निकुंभांनी टेबलावर मूठ आपटली. बोरगावकरांनी ती तशीच धरली, मनगटावर दोन बोटे टेकवली आणि घड्याळात पाहिले. "एकशे आठ. तणाव आहे. कलम सात, तणावात आनंद देता येत नाही. आणखी एक दिवस बंद."

"अहो, तणाव तुम्हीच आणलात की!"

"एकशे बावीस. तीन दिवस."

आणि बोरगावकरांना हसू आवरेना. ते हसू आधी नाकातून आले, मग खांदे हलले, मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि शेवटी डोळे पुसत म्हटले, "हात्तिच्या!"

केतकी खुर्चीतून उठली. नाक, खांदे, मांडीवर थाप, हात्तिच्या. लहानपणी बाबा तिला सायकलच्या दांडीवर बसवून नदीवर न्यायचे, तेव्हा सबंध वाटभर हे हसू तिच्या डोक्यामागे वाजत असे.

"साहेब, तुम्ही आत्ता हसलात ते कुणाचं?"

बोरगावकरांचे हसू जागच्या जागी थांबले. "ही कार्यालयीन बाब आहे."

"मग लेखी विचारते." तिने कोरा कागद मागून घेतला, उभ्यानेच अर्ज लिहिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली.

बाहेर आल्यावर निकुंभ म्हणाले, "तुझी सव्वाचारची गाडी?"

"लेखी उत्तर येईपर्यंत मी कुठंही जात नाही."

"बरं," निकुंभ म्हणाले. त्यापलीकडे त्यांच्यापाशी काही नव्हते. या वेळी केतकीने ते मनाला लावून घेतले नाही.

दाढेची सूज शुक्रवारी उतरली. कलम सातचे दिवस रविवारी संपले. सकाळी टिळेकर आला, खांबावर चढला आणि तार जोडली. निकुंभांनी आधी मीटरचा आकडा टिपला. चार हजार चारशे एकतीस. मग ते आत गेले, डब्यातली उरलेली सांजोरी तोंडात घातली, आणि स्वयंपाकघरात केतकीला नाकातून सुरू झालेले काहीतरी ऐकू आले. मांडीवर थाप पडेपर्यंत ती पाठमोरीच उभी राहिली.

याला आता पाच महिने झाले. केतकीचा नवराही येऊन गेला. त्याला सांजोऱ्या वाढल्या गेल्या. एकतीस वर्षांत कुणाचा पैसाही न सोडलेल्या निकुंभांनी मंडळाला एकही स्मरणपत्र धाडलेले नाही. केतकीची पिशवी खाटेखाली आहे, पोच मीटरच्या खिळ्याला टोचलेली आहे. मंगळवार ते रविवार, दामोदर निकुंभांच्या नावावरचे चौदा युनिट कोण हसले, हे आनंद पुरवठा मंडळाने अजून कळवलेले नाही.