कणगीतला पंखा

बोरीच्या लिंबाजीला दोन मुली. थोरली पंचफुला लग्नाची झालेली, धाकटी अंबा तिच्या मागोमाग. पंचफुलेला बघायला पाहुणे यायचे, चहा प्यायचे, "कळवतो" म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. आता सोनपेठचे भगवानराव मुलाला घेऊन येणार होते. भर मे महिना. लिंबाजीची सगळी भिस्त मागच्या उन्हाळ्यात घेतलेल्या टेबलफॅनवर होती.

आणि तो टेबलफॅन होता कुठं, तर कणगीत, ज्वारीच्या पोटात! हसू नका. दुकानदारानंच बजावलं होतं, "मोटारीला ओल लागू देऊ नका. उंदरं वायर कुरतडत्यात, तेवढं सांभाळा." ओल नाही, उंदीर नाही, अशी घरात जागा एकच. रोजच्या भाकरीपासून लग्नातल्या अक्षतांपर्यंत सगळी ज्वारी त्याच कणगीतली. लिंबाजीनं पंखा लुगड्यात नीट गुंडाळून ठेवला होता. पण थंडीत गोधडीला अस्तर कमी पडलं, आणि त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, ते लुगडं सोडवून घेतलं. पंखा राहिला तसाच उघडा.

पाहुण्यांच्या दिवशी लिंबाजीनं तो उपसून काढला, फडक्यानं पुसला.

"बाबा, आत दानं वाजायलेत," पंचफुला म्हणाली. "मागचं झाकण काढून साफ करा की."

"पावणे फाट्यावर आलेत अन् तू झाकणं काढायलीस व्हय!"

पाहुणे बसले. भगवानरावांनी उपरण्यानं वारा घेतला. "लय उकडायलंय बुवा."

लिंबाजी याचीच वाट बघत होता. त्यानं ऐटीत बटन दाबलं. मोटार घूंऽऽ करू लागली, पण पातं काही जागचं हलेना. वर कसलासा करपट वास सुटला. तेवढ्यात पंचफुला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"बाबा, बटन बंद करा. मोटार जळंल!"

बघायला आलेल्यांसमोर मुलीनं तोंड उघडलं! भगवानरावांच्या भुवया वर गेल्या.

"जरा दम धर. गरम झाली की फिरती ती," असं म्हणून लिंबाजीनं लाटणं आणलं, जाळीतून आत घातलं आणि पात्याला ढोसलं.

पंखा फिरला. फिरला म्हणजे काय, सुटलाच! तडतड तडतड ज्वारी उडाली. कपात पडली, भगवानरावांच्या मिशीत अडकली. मुलगा सूर्यभान आणि त्याच्यापुढं ट्रे धरून उभी असलेली पंचफुला, दोघांच्याही डोक्यावर तर नुसता पाऊस. पंचफुलेनं शांतपणे ट्रे सूर्यभानच्या हातात दिला, भिंतीपाशी गेली आणि पीन उपसून काढली.

पंखा थांबला.

भगवानराव उठले, धोतर झटकलं. "बरं हाय, लिंबाजी. कळवतो."

लिंबाजीला रडूच कोसळायचं बाकी होतं. स्वतःच्या हातानं पोरीचं जमत आलेलं मोडलं होतं त्यानं.

सूर्यभान आल्यापासून मुक्यासारखा बसला होता. ट्रे मांडीवर तसाच होता, आणि केसांत ज्वारी.

"अण्णा," तो म्हणाला, "आता काय कळवायचं? अक्षता तर पडल्या की."

भगवानरावांनी मुलाकडं डोळे वटारून पाहिलं. मग त्याच्या डोक्याकडं, मग पंचफुलेच्या. मिशीतला दाणा काढता काढता त्यांना हसू फुटलं.

"बापापेक्षा पोरीला अक्कल जादा हाय. लिंबाजी, सुपारी आणा."

लग्न झोकात झालं. दुकानदारानं मोटार उघडून ओंजळभर ज्वारी काढली, तेल दिलं आणि हात जोडून सांगितलं, "बाबा रे, ह्याला खोक्यात घालून माळ्यावर ठेव." लिंबाजीनं मान डोलावली.

थंडीची चाहूल लागली तशी कडूबाईला नवरा पुन्हा कणगीपाशी दिसला. काखेत पंखा.

"अवो, काय करायलाव? परत त्यातच?"

"गप बस," लिंबाजी पंखा ज्वारीत खोल दाबत म्हणाला. "अंबाचं व्हायचं हाय अजून."