वरच्या मजल्यावरची खुर्ची

ओटाकार वोसिकांनी कॉफीचा कप इतक्या जोरात आपटला, की बशीला तडा गेला.

"आता काय झालं?" त्यांच्या बायकोनं, बोझेनानं विचारलं.

"एमिल आज परत वर बसला होता."

१९५० सालची पानगळ होती. आमच्या बर्विनहून शिकागोला जाणाऱ्या गाडीला नुकतेच चकचकीत पोलादाचे दोन मजली डबे लागले होते. वर दोन्ही बाजूंना एकेकट्या खुर्च्यांची रांग, आणि मध्ये सगळं मोकळं. म्हणजे तिकीट तपासनिसानं खाली उभं राहून नुसता हात वर करायचा. तपासनीस क्लिफर्डला तर डबे स्वतःच बांधल्यासारखा अभिमान. "न्यूयॉर्ककडे अठरा वर्षांपूर्वीच दोन मजले केले होते," तो सांगायचा, "पण चढता-उतरता लोकांचा जीव जायचा. डोकं लागतं साहेब, डोकं!"

एमिल ब्राबेत्स हा वोसिकांचा शेजारी. सहा फूट उंच. दार उघडलं की दोन ढांगांत जिना चढून तो वरची उरलेली एकच खुर्ची पटकावायचा. वोसिका पोचेपर्यंत वर सगळं भरलेलं असे. मग ते खाली, कुणाच्या तरी कोपराशी झगडत पेपर वाचत. एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी एमिल कुंपणावर रेलून म्हणाला, "वरून काय दिसतं, माहितीये? टकलं! तुझं मागून वाढत चाललंय हं, ओटा."

त्या रात्री वोसिका दोन आरसे घेऊन बराच वेळ न्हाणीघरात होते. बाहेर आले ते बेत ठरवूनच.

"शिकागोला जायला आधी उलटं, एक स्टेशन मागं रिव्हरसाइडला जायचं?" बोझेना थक्क झाली. "तेही एका खुर्चीसाठी?"

"खुर्चीसाठी नाही. एमिलचं तोंड बघण्यासाठी."

दुसऱ्या दिवशी ते उजाडायच्या आत निघाले, उलट्या गाडीनं रिव्हरसाइडला उतरले, तिथून बर्विनपर्यंतचं वेगळं तिकीट काढलं, आणि शिकागोची गाडी येताच नेमकी एमिलचीच खुर्ची धरली. हॅट शेजारच्या खुंटीला लावली, पाय ताणले. बर्विन आलं. एमिल दोन ढांगांत वर आला आणि थबकला.

"ये, ये," वोसिका म्हणाले. "खाली जागा असेल बघ."

एमिल खाली जाऊन बसला. वीस वर्षांच्या नोकरीत वोसिकांची सकाळ इतकी गोड गेली नव्हती.

"पास!" खालून क्लिफर्डनं हात वर केला.

वोसिकांनी ऐटीत, दोन बोटांत धरून पास पुढे केला. बघत मात्र होते एमिलकडे. पास सुटला, गिरक्या घेत खाली गेला आणि एका जाडजूड बाईंच्या हॅटवरच्या पिसांत रुतला. बाईंना पत्ताच नाही. गाडी पुढच्या स्टेशनात, सिसेरोला थांबत होती, आणि बाई उठल्या.

"बाई! अहो बाई, थांबा!"

महिना नुकताच लागला होता. पास अख्ख्या महिन्याचा. वोसिका जिना उतरले म्हणण्यापेक्षा घसरले. फलाटावर त्यांनी बाईंना गाठलं आणि सरळ पिसांत हात घातला.

"चोर! मेल्या, दिवसाढवळ्या हॅट चोरतोस?" बाईंची छत्री त्यांच्या खांद्यावर सटकन बसली.

"हॅट नको, पास हवाय!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

पास हाती आला तेव्हा मागं दार लागलं होतं. गाडी हलली. वरच्या खिडकीत, वोसिकांच्या खुर्चीवर, एमिल बसला होता. वोसिकांचीच हॅट हलवून तो निरोप देत होता.

संध्याकाळी तो हॅट घेऊन आला. "खुर्ची उबदार करून ठेवली होतीस रे. आभारी आहे."

वोसिका जेवले नाहीत. पण हरले तर नाहीतच! सोमवारी पुन्हा रिव्हरसाइड, पुन्हा तीच खुर्ची. बर्विन आलं. माणसं चढली. त्यांत एमिल नव्हता. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

"क्लिफर्ड, ब्राबेत्स आजारी आहे का?"

"छे हो. त्यांनी हिरवी मोटार घेतली ना!"

वोसिकांनी पेपर उघडला. एकही ओळ डोक्यात शिरेना. खाली माणसं होती, टकलंही पुष्कळ होती. पण मान वर करून बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी बाहेर नजर टाकली. रुळांना लागून जाणाऱ्या रस्त्यावर एक हिरवी मोटार धावत होती. चालवणाऱ्यानं कोपर खिडकीबाहेर टाकलं होतं आणि तो मजेत शीळ घालत असावा.

"क्लिफर्ड!" वोसिका कठड्यावरून ओणवे झाले. "ही गाडी याहून जोरात जात नाही का हो?"

"का? उशीर होतोय?"

"उशीर कसला! अहो, ती हिरवी मोटार पुढे चाललीये!"