नळाकडची रांग

"येते हं, उद्या भेटू," असे तपासनिसांच्या सौभाग्यवती ज्या सायंकाळी लिफ्टला उद्देशून म्हणाल्या, त्याच सायंकाळी त्या कुटुंबाचे शहर सोडण्याचे निश्चित झाले.

त्या लिफ्टमध्ये एका अदृश्य स्त्रीचा ध्वनी बसविलेला होता. मजला आला की ती मंजुळ स्वराने त्याचा क्रमांक सांगत असे. "नववा मजला," ती म्हणाली, आणि सौभाग्यवतींनी तिचा रीतसर निरोप घेतला. शेजारी भाजीची पिशवी धरून उभे असलेले तपासनीस स्तंभित झाले.

"कोणाला म्हणालीस?"

"तिला."

"अगं, ती यंत्र आहे!"

"असू दे की. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. दारापर्यंत सोडून तरी जाते. तुमच्या शेजाऱ्यांचं तोंड तरी पाहिलंय का कधी?"

तपासनिसांनी स्मरणशक्तीस ताण दिला. शेजाऱ्यांची दाराबाहेर काढून ठेवलेली पादत्राणे ते अंधारातही ओळखू शकले असते. परंतु ती कोणाच्या पायांत जातात, याविषयी त्यांचे ज्ञान शून्य होते. सौभाग्यवती घरीच शिवणकाम करीत, आणि त्यांची सात वर्षांची कन्या चिमणी ही भिंतीवर चेंडू मारून तो स्वतःच झेलीत असे. खालच्या मजल्यावरून तक्रार आली असती तर निदान ओळख तरी झाली असती. पण तीही कधी आली नाही.

मग त्या उभयतांनी शहराच्या भोवतालची, कारखान्याची बस जिथवर पोहोचते अशी तीन लहान गावे हेरली. सौभाग्यवतींनी अट मात्र स्पष्ट घातली.

"तीन गावं बघू. तिसऱ्यातही माणसं नाही मिळाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी माझ्या लिफ्टबाईबरोबर म्हातारी होईन. चालेल?"

हे वाक्य त्या हसत बोलल्या खऱ्या. परंतु बोलताना त्यांनी तोंड फिरविले, आणि ते वाक्य तपासनिसांच्या काळजात खोल जाऊन रुतले.

आता तपासनीस हे एका कुलपांच्या कारखान्यात काम करीत होते, ही गोष्ट वाचकांस सांगणे अगत्याचे आहे. तयार झालेले प्रत्येक कुलूप त्यांच्या मेजावर येई, ते त्यास हिसके देत, हातोडी मारीत, आणि मगच त्यावर मोहोर उमटे. ज्यास हिसका दिलेला नाही अशा कोणत्याही वस्तूवर त्यांचा विश्वास बसत नसे. म्हणून गाडीत बसता बसता त्यांनी आपला सिद्धांत मांडला.

"घरं बघून, बाग बघून गाव कळत नाही. हिसका द्यायला पाहिजे. ज्या गावात माणसं तोंडावर भांडतात ना, तिथं ती एकमेकांची असतात. मी भांडण काढणार."

"तुम्ही?" सौभाग्यवतींना हसू आवरेना. "अहो, घरात माशी आली तर तिला तुम्ही 'जरा सरकता का' म्हणता!"

"बघच तू."

पहिले गाव चित्रासारखे होते. मुलांसाठी बाग होती, बागेस कुंपण होते, कुंपणास फाटक होते, आणि फाटकास कुलूप होते. कुलूप पाहून तपासनीस क्षणभर सुखावले. नंतर त्यांनी एका घरासमोर गाडी उभी करून भोंगा दाबून धरला. वाटले, आता कोणीतरी खिडकीतून ओरडेल. परंतु एकामागून एक खिडक्या अलगद मिटल्या, आणि पडदेसुद्धा ओढले गेले. चिमणी म्हणाली, "बाबा, इथली माणसं झोपली आहेत का?" तिघे मुकाट्याने निघून आले.

दुसऱ्या गावच्या बाजारात तपासनिसांनी एका गृहस्थाच्या पायावर जाणूनबुजून पाय दिला. त्या गृहस्थानेच क्षमा मागितली. पुन्हा दिला, त्याने पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा दिला तेव्हा त्याने खिन्नपणे तपासनिसांकडे पाहिले आणि एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला.

राहिले तिसरे गाव. तेथे एका जोडघराचा रिकामा अर्धा भाग त्यांना दुपारी पाहावयाचा होता. दुसऱ्या अर्ध्यात घरमालक स्वतः राहत. ते पूर्वी टपालखात्यात होते एवढे तपासनिसांना दूरध्वनीवरून कळले होते, आणि तपासनिसांनीही आपली कुलपांची नोकरी सांगून त्यांस, "आम्ही अगदी शांत माणसं आहोत," अशी ग्वाही दिली होती. घर पाहण्याआधी गाव तपासावे या हेतूने ते सकाळीच येऊन दाखल झाले. रविवार होता. चौकात एका पावभट्टीसमोर माणसे ओळीने उभी होती आणि ताज्या पावाचा सुगंध सर्वत्र दरवळत होता. रांगेच्या अग्रभागी छत्री टेकून एक ताठ वृद्ध गृहस्थ उभे होते.

तपासनिसांनी दीर्घ श्वास घेतला, ते विरुद्ध बाजूने गेले, आणि भट्टीच्या खिडकीपाशी त्या गृहस्थांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"ओ पाहुणे! रांग दिसत नाही?" वृद्ध गृहस्थ गरजले.

"दिसते," तपासनीस उत्तरले. हे वाक्य त्यांनी वाटेत घोकले होते. "आवडली नाही."

"आवडली नाही? रांग म्हणजे काय चादर आहे, रंग आवडायला?"

"मी इथंच उभा राहणार! ह्या नळापाशी!"

त्यांच्या पाठीशी खरोखरच एक सार्वजनिक नळ होता. तो तेथे आहे म्हणून त्यांनी त्याचा उल्लेख केला, एवढेच. परंतु तो शब्द उच्चारताच साऱ्या चौकाच्या माना नळाकडे वळल्या. समोरच्या दुकानातून हातात वस्तरा घेतलेला न्हावी धावत बाहेर आला.

"शाब्बास! बाहेरचा माणूस, पण अक्कल बघा! मी इतकी वर्षं काय सांगतोय? रांग नळाकडूनच!"

"पत्रपेटीकडून!" त्याच्या पाठोपाठ एका गालावर साबण असलेले गिऱ्हाईक ओरडत आले.

"असं? मग दुसरा गाल पत्रपेटीकडूनच करून घ्या!" न्हाव्याने वस्तरा मिटला.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. भट्टीच्या एका अंगास नळ आणि दुसऱ्या अंगास पत्रपेटी होती. वरच्या आळीची माणसे नळाकडून येत, खालच्या आळीची पत्रपेटीकडून. आणि रांग कोणत्या बाजूने लागावी यावर त्या गावात जो वाद होता, तो मिटल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते. रविवारपुरता पत्रपेटीचा मान राखावा, अशी कशीबशी तडजोड झालेली होती. तपासनिसांनी नेमका तिच्यावर पाय दिला होता.

पाहता पाहता नळाकडून दुसरी रांग उभी राहिली. दोन्ही रांगांची टोके खिडकीशी भिडली, आणि पाववाल्या मावशींनी खिडकीची फळी धाडकन खाली ओढली.

"आधी ठरवा! मग पाव!" आतून आवाज आला.

हे ऐकून जवळच्या गायनाच्या वर्गातील मंडळी बाजाची पेटी तशीच टाकून आली. बायका गच्च्यांवरून मते देऊ लागल्या. काम लवकर आटोपणारे नाही हे ओळखून कोणी तरी वृद्धांसाठी खुर्च्या आणल्या, आणि नळपक्षाने आणलेल्या खुर्च्यांवर पत्रपेटीपक्षाचे वृद्धही निःसंकोच बसले. कारण गुडघ्यांना पक्ष नसतो. एका आजीबाईंनी चिमणीला विचारले, "तू कोणाच्या बाजूची गं?" चिमणीने उत्तर देण्यापूर्वीच पाचसहा मुलांनी तिला हाताला धरून नेले, आणि थोड्याच वेळात ती घसा फोडून ओरडत धावताना दिसू लागली. ती कोणत्या पक्षात होती हे तिला शेवटपर्यंत कळले नाही.

"गाव पास!" तपासनीस पत्नीच्या कानाशी पुटपुटले. आनंदाने त्यांचे डोळे पाणावले होते. "बघितलंस? नाव-गाव माहीत नाही, आणि निम्मा चौक माझ्या बाजूनं!"

इतक्यात न्हाव्याने छत्रीवाल्या वृद्धांसमोर बोट नाचविले. "पोस्टमास्तर, आता तुमचं काही चालायचं नाही!"

तपासनिसांचा चेहरा खाडकन उतरला.

"पोस्टमास्तर?" त्यांनी न्हाव्याची बाही ओढली. "म्हणजे, ते जोडघर ज्यांचं आहे ते?"

"मग? दुसरा पोस्टमास्तर आणलाय कोणी इथं?"

ते शब्द पोस्टमास्तरांनी ऐकले. त्यांनी तपासनिसांना नखशिखान्त न्याहाळले.

"अस्सं! तुम्हीच का ते कुलूपवाले? 'शांत माणसं' ना हो तुम्ही? घर विसरा! माझ्या भिंतीला भिंत लावून असला माणूस? शक्य नाही!"

सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले. तिसरे गाव गेले होते.

"मी पत्रपेटीकडे जाऊन उभा राहतो की," तपासनीस केविलवाण्या स्वराने म्हणाले आणि वळले. न्हाव्याने त्यांस मागून धरले.

"खबरदार! तुमच्या जिवावर आम्ही रांग लावली. आता पलीकडे गेलात तर आमची अब्रू काय राहील?"

इकडे आड, तिकडे विहीर अशी अवस्था झाल्यावर सरळमार्गी मनुष्य सत्याचा आश्रय घेतो. तपासनिसांनीही तो घेतला, आणि तीच त्यांची घोडचूक ठरली.

"माफ करा! मला नळाचं काही नाही, पत्रपेटीचंही नाही. मी फक्त गावाची परीक्षा घेत होतो!"

"परीक्षा?" न्हावी म्हणाला.

"आमची?" पोस्टमास्तर म्हणाले.

स्मरणात नसलेल्या काळापासून दुभंगलेले ते गाव एका क्षणात एक झाले. नळपक्ष आणि पत्रपेटीपक्ष खांद्यास खांदा लावून तपासनिसांवर चालून आले. "कोण लागून गेले हे!" "आम्ही काय शाळेतली पोरं?" खुर्च्यांवरील वृद्धसुद्धा उठले. तेव्हा पतीला ओढून नेण्यासाठी सौभाग्यवती गर्दीत शिरल्या. त्यांना पाहून पोस्टमास्तर म्हणाले,

"बाई, तुम्ही मधे बोलू नका."

नवव्या मजल्यावर वर्षानुवर्षे जे साचले होते, त्याचा बांध त्या एका वाक्याने फुटला.

"का नाही बोलू?" सौभाग्यवती कडाडल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे तपासनिसांनासुद्धा ठाऊक नव्हते. "बोलायलाच आलेय मी इथवर! ह्यांचं चुकलं. ह्यांना मी घरी बघते, ते माझ्याकडे लागलं. पण तुमचं काय? रविवारची सकाळ, आत गरम पाव, आणि तुम्ही एवढे मोठे लोक बाहेर उपाशी! खिडकीला दोन बाजू आहेत ना? मग एक माणूस नळाकडचा, एक पत्रपेटीकडचा. चेन कशी लागते पँटची? एक दात इकडचा, एक दात तिकडचा!"

गर्दीत माना हलू लागल्या. फळी किंचित वर झाली आणि मावशींचे नाक बाहेर आले. आता समेट होणार असे वाटत असतानाच साबणवाल्या गिऱ्हाइकाने शंका काढली.

"पण पहिला दात कोणाचा?"

"नळाचा!"

"पत्रपेटीचा!"

फळी पुन्हा खाली आली. दुप्पट उत्साहाने कोलाहल उसळला. सौभाग्यवतींनी पदर खोचला.

"पहिला माझा!"

"तुमचा?" पोस्टमास्तरांनी छत्री आपटली. "कोणत्या नात्यानं?"

"पाहुणी म्हणून! दारात आलेल्या पाहुणीला मागं उभं करता तुम्ही?"

"पाहुण्या कसल्या! चांगल्या घर घ्यायला आलात तुम्ही!"

"म्हणजे पाहुणी नाही?"

"मुळीच नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" सौभाग्यवती गर्दीकडे वळल्या. "पोस्टमास्तर म्हणतात, मी पाहुणी नाही, गावचीच आहे. मग काका, किल्ली काढा. आणि पाहुणी असेन, तर बाजूला व्हा, पाव घेऊ द्या. दोन्हीतलं काय ते एक सांगा. मला घाई नाही."

पोस्टमास्तर एक पाऊल मागे सरले. ज्या मनुष्यास गावात कोणी शब्दात धरू शकले नव्हते, तो भर चौकात धरला गेला होता. प्रथम न्हावी हसला. नंतर एका गालाचे गिऱ्हाईक हसले. मग दोन्ही रांगा अशा काही हसल्या की कोण कोणत्या रांगेतले ते ओळखू येईना. गच्चीवरून पोस्टमास्तरांच्या पत्नी टाळ्या पिटीत होत्या.

"बाई गं, राहा तू इथं!" त्या वरून ओरडल्या. "मी एकटी किती वर्षं पुरी पडू यांना?"

मावशींनी फळी पूर्ण वर केली आणि भट्टीतला पहिला पाव सौभाग्यवतींच्या हातात ठेवला. तो एवढा गरम होता की त्यांना तो या हातातून त्या हातात नाचवावा लागला. तो धरायला दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापले पदर पुढे केले. तपासनिसांनी हळूच विचारले, "मी कुठल्या बाजूनं उभा राहू?"

"सगळ्यात मागं!" दोन्ही आळ्या एकमुखाने गरजल्या, आणि ते अत्यंत समाधानाने सर्वांत मागे जाऊन उभे राहिले.

पोस्टमास्तरांनी खिशात हात घातला. किल्ली बाहेर काढून ती त्यांनी काही काळ मुठीत धरून ठेवली, आणि मग शरणागताने शस्त्र टाकावे तशी सौभाग्यवतींच्या पुढ्यात धरली.

"एक आधीच सांगून ठेवतो," ते पराभूत परंतु करड्या स्वरात म्हणाले. "मधली भिंत पातळ आहे. इकडचं बोललेलं तिकडं सगळं ऐकू येतं."

"बरं झालं," किल्ली घेत सौभाग्यवती म्हणाल्या. "म्हणजे उत्तर द्यायला बाहेर यावं लागणार नाही."