उणे साडेतीन अंश

मिस्त्रींना घरात एकच काम सांगितलं होतं. कशालाही हात लावायचा नाही.

"दोन घास खाऊन येते," मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही नुसते बसा. बोट लावू नका."

"मी कशाला लावतोय तुझ्या खेळण्याला बोट?"

मिस्त्रींनी चाळीस वर्षं गाड्यांची चाकं सरळ करण्यात घालवली होती. मुलीनं मात्र टेबलाला स्टिअरिंग बांधलं, पायाखाली पेडल ठेवली आणि पडद्यावरची गाडी पळवण्यात तीन वर्षं काढली. आज दुपारी तीनला तिची शर्यत होती. दोनशे जणांतले पहिले दहा निवडले जाणार होते आणि त्यांना खऱ्या ट्रॅकवर खरी रेसची गाडी चालवायला मिळणार होती. आठ दिवस पोरगी जेवतानाही टेबलाखाली ब्रेक दाबत होती.

पडद्यावर गाडी समोरून दिसत होती. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि त्यांचा जीव कळवळला. चाकं वरून आत झुकलेली, खालून पसरलेली. गाडी चक्क फेंगड्या पायांनी उभी! शेजारी लिहिलं होतं, कॅम्बर, म्हणजे चाकांचा झुकाव, उणे साडेतीन अंश.

"अरेरे," मिस्त्री पुटपुटले. "एवढी देखणी गाडी, आणि बघणारं कुणी नाही."

त्यांनी माउस धरला. एकेक करत चारही चाकं शून्यावर आणली. जुनं पुसून नवं ठेवायचं का, असं पडद्यानं अदबीनं विचारलं. इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी हो म्हटलं.

मुलगी परतली आणि सरावाला बसली. पहिल्या वळणावर गाडी वळलीच नाही. पलीकडून कुणी हाक मारल्यासारखी सरळ गवतात गेली. दुसऱ्या वळणावरही तेच.

"बाबा."

"काय गं?"

"चाकं कुणी सरळ केली?"

मिस्त्रींना वाटलं, कौतुक होतंय. "मीच की! चारही. बघ कशी शोभतात."

आरडाओरडा ऐकून आई ओल्या हातांनीच धावत आली.

"आई, बाबांनी माझी गाडी बिघडवली!"

"अहो, हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"बिघडवली नाही, दुरुस्त केली!"

"वळताना गाडी बाहेर कलते, बाबा! म्हणून चाकं आधीच आत झुकवायची. तीन महिने घासून ते आकडे जुळवले होते मी. मागच्या चाकांचे तर आता आठवतही नाहीत." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "पस्तीस मिनिटं राहिलीत."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "माझ्याकडच्या गाड्या हापिसात जातात नि घरी येतात गं. वळणावर जीव टाकणारी गाडी माझ्या हाताखालून कधी गेलीच नाही." मग हळूच म्हणाले, "टायर दाखव. कुठं झिजतोय ते बघतो."

"खेळण्याचा कसला टायर?" ती फणकारली, पण तिनं एक बटण दाबलं.

आणि मिस्त्री खुर्चीतून उठून उभे राहिले.

रस्ता जणू काचेचा झाला होता आणि धावती गाडी खालून दिसत होती. प्रत्येक टायरवर तीन पट्टे होते, आतला, मधला, बाहेरचा. थंड तो निळा, तापलेला तो लाल. गाडी उजवीकडे वळली तशी डाव्या चाकाची बाहेरची कड हळूहळू उमलावी तशी लाल झाली. रबर पिळवटलं, रस्त्याला चिकटलं, आणि बोटभर कडेनं अख्खी गाडी धरून ठेवू लागलं. टायरवरून तळहात फिरवून, वळणावर काय घडलं असेल याचा मिस्त्रींनी जन्मभर अंदाज बांधला होता. घडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"हे असं होतं होय खाली?" ते कुजबुजले.

"गाडी एवढ्याशा रबरावर असते?" आईनं विचारलं.

"तळहाताएवढ्या."

"अगंबाई! आणि आपण आत बसून डुलक्या घेतो."

"बाबा, वीस मिनिटं!"

मिस्त्री भानावर आले. "डावं पुढचं आत घे. अजून. बास. पळव. बघ, लाली मधे सरकली. आता पाव अंश. वळणं जास्त कुठल्या अंगाची?"

"उजवीकडची. अकरांतली नऊ."

"मग भार सगळा डाव्या चाकांवर. उजव्यांना उगाच कशाला फेंगडायला लावतेस? त्यांना कमी झुकव."

"दोन्ही बाजू सारख्याच ठेवतात सगळे."

"ठेवू देत."

तिनं उजवी चाकं उभी केली आणि एक फेरी मारली. तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद कमी. आता आ वासायची पाळी तिची होती.

शर्यत आईनं डोळे मिटून ऐकली. मिस्त्रींनी ती पाहिलीच नाही, ते सगळा वेळ टायर बघत होते. शेवटच्या वळणावर मुलीनं दोघांना मागं टाकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आहाहा, काय रस्ता धरलाय!"

मुलगी नववी आली.

निवड झाल्याचा निरोप आला. पंधरा मिनिटांत अर्ज भरा, नाहीतर जागा पुढच्याला. आईला मिठी मारून मुलगी वळली, तर तिच्या खुर्चीत स्टिअरिंग धरून मिस्त्री.

"बाबा, उठा ना! अर्ज भरायचाय."

"एक वळण. फक्त एक."

"बाबा!"

"अगं, मोबाइलवर भर ना," आई म्हणाली. "ते आता उठत नाहीत."

मुलीनं उभ्या उभ्या मोबाइलवर अर्ज भरला. गाडीची जुळणी कुणी केली, या रकान्याशी ती थांबली आणि तिनं बाबांचं नाव लिहिलं. तेवढ्यात खोलीत मोठा आवाज झाला. बाबांनी गाडी चौथ्यांदा त्याच भिंतीवर नेऊन आदळली होती.

मिस्त्रींनी स्टिअरिंग सोडलं आणि दोघींकडे संशयानं पाहिलं.

"खरं सांगा," ते म्हणाले, "माझ्या चाकांना कुणी हात लावला?"