मीटर बुडालाय, पंप पाठवा

तळघरातला नळ ठिबकत होता आणि पंपवाल्यांनी रविवारी सकाळी ठरवलं, की प्लंबरला बोलवायचं नाही. एवढंच ठरवलं होतं बिचाऱ्यांनी.

गल्लीत त्यांना सगळे पंपवाले म्हणत. एरवी ते दवाखान्यात केसपेपर लिहायचे, पण महिन्यातले दोन रविवार राखीव दलात पाणी उपसायचा पंप चालवायचे. अकरा वर्षं चालवत होते. त्यामुळे पाणी आपल्याला ओळखतं, अशी त्यांची समजूत झाली होती. (पाण्याची तशी काही समजूत नव्हती.)

त्यांनी पान्यानं अर्धा फेरा दिला. नळ सुटून हातात आला. मागून पाण्याची धार आली ती थेट छातीवर.

मुख्य कॉक रस्त्यावर, लोखंडी झाकणाखाली. झाकणाची चावी नगरपालिकेच्या लाइनमनकडे. लाइनमनची रविवारी सुट्टी.

त्याच तळघरात बायकोचं शिवणकाम चाले. खालच्या फळ्यांवर शाळेचे चाळीस गणवेश इस्त्री करून ठेवलेले होते. ते सोमवारी सकाळी पोचले नाहीत, तर पुढच्या वर्षापासून काम मोठ्या दुकानाला देऊ, असं शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं. दोन महिने तिची पाठ त्या मशीनवर वाकलेली होती.

"अहो, आधी गठ्ठे वर घ्या!" ती जिन्यावरून ओरडली.

"उचलाउचल कशाला? आपला पंप दोन गल्ल्यांवर आहे. दहा मिनिटांत तळघर कोरडं करून देतो." आणि ते फोनकडे गेले.

दलाचे कॅप्टन आठवडाभर चष्म्याचं दुकान चालवत. सावकाश बोलणारा माणूस.

"साहेब, तळघरात पाणी शिरलंय. पंप हवाय."

"कुणाच्या तळघरात?"

"माझ्याच."

"अरेरे. पूर आलाय का?"

"नळ तुटलाय."

"मग राज्य सरकार गेलं. पंपाचे पाइप त्यांचे आहेत, ते फक्त आपत्तीला देतात. इंजिन केंद्राचं. ते युद्धाला, नाहीतर सरावाला."

"सराव समजा ना, साहेब."

"सराव दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी. आज तिसरा."

"आणि नगरपालिका?"

"डिझेल त्यांचं. पण आधी बघून सांगा, पाणी मीटरच्या अलीकडचं आहे की पलीकडचं. पलीकडचं असेल तर ते तुमचं खासगी पाणी."

पंपवाले जिन्याकडे धावले. मधल्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या.

"जावईबापू, पाणी कुठवर आलंय, विचारलं का त्यांनी?"

"नाही. कुणाचं आहे, ते विचारलंय."

"अहो, आपलंच आहे! बिल आपणच भरतो!" खालून बायको म्हणाली. तिच्या डोक्यावर एक गठ्ठा होता, काखेत दुसरा. "या इकडे, हे धरा!"

"एक मिनिट. मीटर कुठंय?"

मीटर तळघरातच, जमिनीलगत होता, म्हणजे पाण्याखाली. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. नळ मीटरच्या पलीकडचा निघाला. ते पडलेल्या चेहऱ्यानं फोनवर आले.

"खासगी आहे, साहेब. मीटरसुद्धा बुडालाय."

मग कॅप्टनचा आवाज एकदम उजळला.

"मीटर बुडालाय? अहो, मीटर नगरपालिकेचा! त्याला वाचवायला डिझेल मिळतं! शेजाऱ्यांची भिंत ओली आहे का?"

"ओल तर चार वर्षांपासून आहे."

"मग दोन घरं झाली. दोन घरांना आपत्ती म्हणता येतं, पाइप सुटले. इंजिनाची मी दुरुस्तीनंतरची चाचणी दाखवतो. तुम्ही वर्दी घालून या. वर्दी नसेल तर विमा नाही."

पंपवाल्यांना भरून आलं. तीन सरकारं एकाच वेळी आपल्या तळघराकडे निघालीत! त्यांनी वर्दी शोधली, बुटांना पॉलिश केलं (ओल्या हातानं ते नीट होत नाही) आणि बाहेर पडताना जिन्यात डोकावून म्हणाले, "घाबरू नका. मंजुरी मिळाली."

बायको जिना चढून वर येत होती. तिच्या डोक्यावर सहावा गठ्ठा होता.

दलाच्या शेडमध्ये तीन रजिस्टरांत तीन सह्या झाल्या. डिझेलच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो न्हाव्याकडे बसला होता. अर्धी दाढी व्हायची होती, ती पुरी होईपर्यंत सगळे थांबले. पावणेएकला पंप, पाइप, दोन जवान आणि कॅप्टन दारात आले.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहा पीत बसली होती. केस चिंब, बाह्या कोपरापर्यंत वर. टेबलावर सदतीस गणवेशांची रास होती. उरलेल्या तीन गणवेशांवर सासूबाई इस्त्री फिरवत होत्या.

"पाणी कुठंय?" पंपवाल्यांनी विचारलं.

"आईनं फुटल्या पाइपात चिंधी गुंडाळून लाटणं खुपसलं. मग आम्ही दोघींनी बादल्यांनी उपसलं."

"दोनशे अकरा बादल्या," इस्त्री न थांबवता सासूबाई म्हणाल्या.

कॅप्टनचा चेहरा उतरला. "वहिनी, उत्तम काम केलंत. पण तिन्ही सरकारांना अहवाल द्यावा लागतो. निदान एक माणूस तरी वाचवलेला दाखवायला हवा."

"मी खाली बघून येतो, काही राहिलंय का," पंपवाले म्हणाले. पॉलिश केलेले बूट घालून ते ओल्या जिन्यावर निघाले आणि चौथ्या पायरीपासून पुढच्या सगळ्या एकदमच उतरले.

दोन जवानांनी काखेत धरून आणि बायकोनं पाय उचलून त्यांना वर आणलं. घोटा वांग्यासारखा सुजला होता. तिनं तो आपल्या मांडीवर घेतला आणि ओलं फडकं गुंडाळायला लागली. हलक्या हातानं, जसे गणवेश वर नेले होते तसंच.

कॅप्टननी घाईघाईनं फॉर्म काढला. "वाचवलेल्या व्यक्ती, एक. वाचवणारे... वहिनी, तुमचंही नाव घालतो. आता फक्त एक रकाना राहिला. अपघाताचं कारण?"

बायकोनं गाठ मारली, नीट बसली का ते पाहिलं आणि म्हणाली, "लिहा, मदतीला आले होते."

कॅप्टननी तसंच लिहिलं. आणि अपघात घडताना हजर असलेला दलाचा अधिकृत माणूस म्हणून खाली पंपवाल्यांची सही घेतली.